लाख आपल्या जंगलाची, यादी कोणाची?

शहरात जुन्या रेकॉर्डींचा शौक परत आला आहे. काळी तबकडी, तिला आता विनाइल म्हणतात. नवी एक घ्यायची म्हटली तर मजुराचे तीन-चार दिवसांचे रोज जातात. आणि घेणारा काय करतो? आधी यादी पाहतो. अमक्या समीक्षकानं शिफारस केलेल्या शंभर रेकॉर्डी, तमक्या मासिकाच्या सर्वश्रेष्ठ पन्नास, मरण्याआधी ऐकायलाच पाहिजेत अशा हजार. यादीत आहे ते विकत घेतो, कपाटात लावतो, यादीवर बरोबरची खूण करतो. यादीत नाही ते फुटपाथवर भंगारात पडून राहते.

तुम्ही म्हणाल, आपुन चळवळीची माणसं. अत्याचाराच्या केसेस आहेत, नोकरभरती आहे, जमिनीचे पट्टे आहेत. हे सोडून रेकॉर्डींच्या यादीशी आपल्याला काय करायचं? काहून तिच्या मागे लागायचं?

काहून ते सांगतो. यादी म्हणजे पंगत आहे. पान कोणाचं मांडायचं आणि उष्ट्या पत्रावळी कोणी उचलायच्या हे जो ठरवतो, तोच उद्या इतिहास लिहितो. शाळेच्या पुस्तकात, रेडिओवर, पुरस्कारात मग तीच नावं फिरत राहतात. म्हणून या पंगतीचा इतिहास आपण पाहिला पाहिजे. आणि तो चांदा-गडचिरोलीच्या जंगलापासून पाहिला पाहिजे, कारण तबकडी अशाच जंगलातून निघाली.

१. लाख

प्लॅस्टिकच्या आधीची जी जुनी तबकडी, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, ती लाखेची होती. तिच्यात साधारण पाव ते तिसरा हिस्सा चपडा लाख, बाकी दगडाची पूड, काजळी आणि थोडा कापसाचा धागा. लाख हे सगळं धरून ठेवायची. लाख नाही तर तबकडी नाही.

आणि लाख येते कुठून? पळस, कुसुम, बोर. या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा बसतो, रस पितो आणि अंगाभोवती राळेचं कवच बांधतो. त्या फांद्या तोडायच्या, लाख खरवडायची, कुटायची, धुवायची. मग लांब कापडी पिशवीत भरून निखाऱ्यांच्या धगीपुढे पिळायची. वितळलेली लाख बाहेर आली की ती गरम असतानाच हातांनी, पायांनी, दातांनी ताणून पातळ पत्रा काढायचा. तोच चपडा. हे काम कोण करायचं हे सांगायला पाहिजे का? जंगलात आदिवासी, भट्टीवर मजूर.

लाखेच्या उत्पादनात भारत जगात सर्वात पुढे होता. छोटा नागपूरचा भाग, म्हणजे आजचं झारखंड, पहिला. त्याच्या मागोमाग मध्यप्रांत. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता आणि गोंदियाला लाखेचे कारखाने होते. १९२४ साली रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्थाच उभी झाली. इतकी या किड्याच्या थुंकीला किंमत होती!

किती किंमत होती ते दुसऱ्या महायुद्धात कळलं. भारतातून जहाजं जाणं कठीण झालं आणि लाख दारूगोळ्याच्या कामाला, रंग-वार्निशाला लागू लागली. १९४२ साली अमेरिकन सरकारनं रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर कात्री चालवली. लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून त्या वितळवून नव्या काढल्या गेल्या. न्यूयॉर्कचं गाणं बंद पडायची पाळी आली, कारण आपल्याकडच्या पळसाची फांदी तिथं पोचत नव्हती.

पण ज्या माणसानं फांदी तोडली त्याचं त्या जंगलावर काय होतं? १८७८ च्या जंगल कायद्यानं जंगल सरकारचं झालं. लाख, मोहफूल, तेंदू, डिंक सगळं 'गौण' उपज ठरलं, आणि गौण म्हणजे ठेकेदाराचं. हा हक्क कागदावर परत यायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. त्या कायद्यात गौण वनोपजाची नावं दिली आहेत, त्यात लाख आहे. २००९ साली आपल्या गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा देशात ही नवलाची गोष्ट ठरली. पण तोपर्यंत लाखेची तबकडी इतिहासजमा झाली होती. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं प्लॅस्टिकची लाँग प्ले आणली. लाखेच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटं मावायची, हिच्यात वीस-बावीस मिनिटं मावू लागली. ती विनाइल.

२. कंपनी

आता त्या लाखेवर आवाज कोणाचा उमटला ते पाहू.

१९०२ साल. फ्रेड गैसबर्ग नावाचा माणूस यंत्र घेऊन कलकत्त्यात उतरला. तो ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा माणूस. त्याच्यापुढे पहिल्यांदा गायल्या त्या नाटकातल्या मुली आणि मग गौहर जान. गाणं संपलं की गौहर जान आपलं नाव इंग्रजीत सांगायची. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या माणसाला गाणं कोणाचं हे कळावं आणि लेबल बरोबर चिकटावं म्हणून ते नाव. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच छापण्याचा कारखाना निघाला आणि १९२८ साली डमडमचा.

बड्या घराण्यातले पुष्कळ उस्ताद सुरुवातीला या यंत्रापासून दूर राहिले. विद्या बाजारात जाईल, आवाज चोरीला जाईल अशी भीती. पुढे आल्या त्या तवायफा, कलावंतिणी, नाटकातल्या बाया. ज्यांना इज्जतदार समाज उंबऱ्याच्या आत घेत नव्हता त्यांनीच या देशातलं रेकॉर्डिंग उभं केलं. पण धंदा जमला, पैसा दिसला आणि मग इज्जतदार आले. स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारी रेडिओनं चारित्र्याचं निमित्त करून याच बायांना दार बंद केलं. ज्यांनी पाया खणला त्यांनाच घरात मज्जाव. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्या बापजाद्यांनी किती देवळांचे दगड वाहिले!

नंतर १९५२ साली बी. व्ही. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून हटली. त्याच काळात गायकांची परीक्षा घेऊन त्यांना ए, बी-हाय, बी अशा पायऱ्या देणं सुरू झालं. म्हणजे यादी करणारे दोन झाले. एक कंपनी, जी खप पाहते. दुसरं सरकार, जे पायरी पाहते.

३. समीक्षक

तिसरा यादीवाला म्हणजे समीक्षक. हा विलायतेत जन्मला. १९२३ साली लंडनला कॉम्प्टन मॅकेन्झी या कादंबरीकारानं 'ग्रामोफोन' नावाचं मासिक काढलं. निघालेल्या तबकड्या ऐकायच्या आणि कोणती घ्यावी ते सांगायचं. १९५१ साली सॅकव्हिल-वेस्ट आणि शॉ-टेलर या दोघांचा 'रेकॉर्ड गाइड' निघाला. १९६० साली ग्रीनफील्ड, मार्च आणि स्टीव्हन्स यांनी 'स्टीरिओ रेकॉर्ड गाइड' सुरू केलं, तेच पुढे पेंग्विन गाइड म्हणून गाजलं. त्यात तबकडीला एक, दोन, तीन तारे आणि फारच आवडली तर गुलाबाचं फूल. तीन तारे आणि फूल म्हटलं की गिऱ्हाईक दुकानात धावलंच.

या लोकांची मेहनत खोटी नाही. एकाच रचनेच्या पाच तबकड्या समोर ठेवायच्या, कोणी कुठे घाई केली, कुठे यंत्रानं आवाज खाल्ला, कोणत्या सालची कोणती छपाई चांगली, हे कान देऊन लिहायचं. ही शिस्त आपण शिकलीच पाहिजे.

पण शिस्तीच्या आत काय दडलं आहे तेही पाहा. समीक्षक ऐकतो ती कंपनीनं काढलेली तबकडी. कंपनी काढते ती खपणारी तबकडी. खप बंद झाला की ती कंपनीच्या सूचीतून कटते, सूचीतून कटली की शिफारशीतूनही जाते. आणि 'संगीत' या शब्दात त्या पुस्तकांनी काय धरलं? युरोपातलं अभिजात. बाकी जगाचं गाणं हे गाणंच नव्हे असं कुठं लिहिलेलं नाही, लिहायची गरजही पडली नाही. गाव वसवलं की गावकूस आपोआप पडते.

आपल्याकडेही तसंच. मराठीत संगीतावर लिहिणारे मोठे जाणकार होऊन गेले. त्यांनी घराण्यांची उकल केली, अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, केसरबाई यांच्या तबकड्यांवर बारकाईनं लिहिलं. त्या तबकड्या मोलाच्याच आहेत. पण ढोलकी, कोरस, कव्वालीच्या चालीवरचं भीमगीत, झाडीपट्टीतली दंडार हे 'लोक' नावाच्या वेगळ्या खोलीत. तिथं घराणं नाही आणि तारेही नाहीत.

यादीचा एक नमुना तर आकाशात फिरतो आहे. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. पृथ्वीवरचं निवडक संगीत तिच्यात भरलं. निवड करणाऱ्या गटाचा प्रमुख कार्ल सेगन. भारताचं एकच गाणं घेतलं, केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी. शिफारस होती रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाची. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, कलावंत समाजातल्या, देवळाच्या सेवेला बांधलेल्या समाजातल्या. १८९२ चा जन्म. यान सुटलं त्याच सप्टेंबरात त्या वारल्या. एका माणसानं तोंड उघडून शिफारस केली आणि ज्या समाजाला इथं नावं ठेवली त्याची बाई ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली. शिफारशीत ताकद असते ती ही. मंग आपली शिफारस कोणी करायची?

४. भोंगा

आपल्या आवाजाचा इतिहास तबकडीच्या आधीचा आहे. सत्यशोधकांचे जलसे होते. १९३० च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा उभा राहिला. माईक नाही, दिवट्यांच्या उजेडात, गावोगाव. तो जलसा आज आपल्याला उमगतो कारण कर्डकांनी स्वतः तो लिहून ठेवला.

१६ ऑक्टोबर १९५६. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब चांद्याला आले आणि इथं दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचं हे गाव. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात आला. म्हणजे राज्य बदलण्याच्या पंधरा दिवस आधी इथल्या माणसानं धर्म बदलला. आणि धर्म बदलला तशी गाणी बदलावी लागली. लग्नात काय म्हणायचं, पाळण्याला काय, मयताला काय? जुनी गाणी देवांची. नवी कोणी आणून दिली नाहीत. वामनदादा कर्डकांसारख्या माणसांनी ती रचली. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस २००४ मध्ये जाईपर्यंत महाराष्ट्रभर हिंडत गात राहिला. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, आपल्या विदर्भातले नागोराव पाटणकर, यांनी भीमाचं गाणं वस्तीवस्तीत नेलं.

यातलं काही छोट्या तबकड्यांवर आलं, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या. त्या तबकड्या कपाटात ठेवायला कोणी घेतल्या नाहीत. त्या साउंडवाल्यानं घेतल्या. १४ एप्रिलला भोंगा लावला की सकाळपासून रात्रीपर्यंत तीच तबकडी, वर धूळ, खाली झिजलेली सुई. ऐकणारे शेकडो आणि तबकडी एक. म्हणून आपली तबकडी मिळते तेव्हा घासलेली मिळते. रेकॉर्ड जमवणारा तिच्याकडे पाहून नाक मुरडतो, 'कंडिशन खराब' म्हणतो. अरे, ती खराब नाही. ती वापरलेली आहे!

प्रल्हाद शिंद्यांचं उदाहरण घ्या. त्यांची विठ्ठलाची गाणी आषाढीला घराघरात वाजतात. मराठी भक्तिगीतांची कोणतीही यादी करा, त्यांचं नाव येणारच. त्याच गळ्यानं भीमगीतं गायिली. गळा तोच, ताकद तीच. पण ती गाणी 'जयंतीची'. अर्धा माणूस पंगतीत आणि अर्धा माणूस गावकुसाबाहेर, असं एकाच गळ्याचं झालं.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि कंपनीची मक्तेदारी मोडली. थोड्या भांडवलात कोणीही कॅसेट काढू लागला. भीमगीतांचा पूर आला. दीक्षाभूमीच्या बाहेर चादर अंथरून कॅसेटी विकल्या गेल्या, मग सीडी, मग मेमरी कार्ड. पण कॅसेटचं आयुष्य थोडं. पट्टीला बुरशी लागते, पट्टी चिकटते. विलास घोगरेंचा आवाज आज आपल्याजवळ आहे, कारण आनंद पटवर्धनांनी १९८५ च्या 'हमारा शहर' चित्रपटात तो टिपून ठेवला होता. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली, आणि त्या दुःखात विलासनं जीव दिला. टिपलं नसतं तर तो आवाजही गेला असता. विठ्ठल उमप तर २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले. असे आवाज जातात. त्यांच्यामागे काय राहतं ते कोणी आधी काय जपलं त्यावर ठरतं.

५. काळ्यांची तबकडी

आपल्या पँथरनं १९७२ साली नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या पँथरचं. तिथल्या काळ्यांच्या तबकड्यांचंही ऐका.

१९२० च्या दशकात तिथल्या कंपन्यांनी काळ्यांची गाणी वेगळ्या सूचीत टाकली. सूचीचं नावच 'वंशाच्या रेकॉर्डी'. गोऱ्यांची सूची वेगळी, काळ्यांची वेगळी. समीक्षकाच्या लेखी त्या नव्हत्याच. महायुद्धात लाखेसाठी जुन्या तबकड्या वितळायला जाऊ लागल्या. हॅरी स्मिथ नावाचा एक फाटका पोट्टा त्या गोळा करत सुटला. १९५२ साली त्यानं त्यातल्या ८४ निवडल्या आणि फोकवेज कंपनीनं त्यांचा लाँग प्ले संच काढला. काळे आणि गरीब गोरे त्यानं शेजारी शेजारी बसवले आणि कोण कोणत्या रंगाचा हे लिहिलंच नाही.

त्या संचात मिसिसिपी जॉन हर्ट हा शेतमजूर होता. १९२८ साली त्यानं काही तबकड्या दिल्या होत्या आणि मग कंपनी त्याला विसरली. त्याच्या एका जुन्या तबकडीत गावाचं नाव येत होतं, अॅव्हलॉन. १९६३ साली एक जण ते नाव धरून नकाशा पाहत गेला आणि म्हातारा सापडला. गात होता तसाच. मरण्यापूर्वी तीन वर्षं त्याला हजारोंनी ऐकलं. दोस्तहो, एका तबकडीतल्या गावाच्या नावानं माणूस परत आला.

६. आपली यादी

आपल्या देशातही काम झालं आहे. मायकेल किन्नियरनं जुन्या भारतीय तबकड्यांच्या क्रमांकवार सूची केल्या. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स निघाली, सुरेश चांदवणकरांनी तिचा भार वाहिला. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगाव बायांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. आपण यांचं पाहून शिकायचं आणि आपलं काम आपणच करायचं.

काम काय? तबकडी, कॅसेट, जयंतीच्या कार्यक्रमाचं घरगुती रेकॉर्डिंग, जे मिळेल त्याची नोंद. गायक, कवी, कंपनी, क्रमांक, साल. लेबलवरचा क्रमांक घ्या आणि लेबलच्या भोवती गुळगुळीत भागावर खरवडलेला क्रमांकही घ्या. लेबल बदलता येतं, खरवडलेला आकडा सहसा खोटं बोलत नाही. ढोलकी कोणाची, पेटी कोणाची, कोरसात बाया कोण हे विचारून लिहा. तबकडीवर ही नावं बहुतेक वेळा नसतात.

जपायचं कसं तेही सांगतो. तबकडी उभी ठेवा, आडवी थप्पी नको. आपल्याकडे उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत विनाइल वाकते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुताराचं पॉलिश तसंच बनतं. लाखेच्या तबकडीला जाड सुई, विनाइलला बारीक. एकीची दुसरीला लावली तर आवाज जातो नाही तर तबकडी जाते. कॅसेट चिकटली असेल तर ओढू नका, आधी हातानं सैल करा आणि चालली की लगेच उतरवून घ्या.

आणि तारे कोणी द्यायचे? वस्तीनं द्यायचे. म्हातारीला विचारा, तुझ्या लग्नात कोणतं गाणं होतं. साउंडवाल्याला विचारा, कोणती तबकडी मोर्चाच्या दिवशी लावायचा. वडसा-देसाईगंजच्या नाटकवाल्यांना विचारा. धान निघालं की झाडीपट्टीत रात्र रात्र नाटकं होतात, त्यात पेटीवर गाणी होतात, ती कोणत्याच यादीत नाहीत. २०२३ साली परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा पुष्कळांना ही रंगभूमी आहे एवढं कळलं. माडिया आणि गोंडी गाणी माडिया-गोंड पोट्ट्यांनीच नोंदवावीत. आपण त्यांच्या वतीनं यादी करायला गेलो तर आपण नवे समीक्षक होऊ.

१६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्यात एक टेबल या नोंदींचं असावं. एक वही, एक जुना प्लेअर, ऐकून उतरवून घेणारा एक जण. ज्याच्या घरी तबकडी आहे त्यानं आणावी, उतरवून झाली की ती त्याची त्याला परत द्यावी. मालकी त्याच्याकडे, आवाज सगळ्यांचा. पाच वर्षं हे केलं तरी यादी उभी राहील. मग शहरातल्या शौकिनाला ती पाहू द्या. खाली शिफारस करणाऱ्याच्या जागी वस्त्यांची नावं असतील.

जय भीम.